मुंबई सिटी एफसीचा हंगामवार तक्ता: २०१६चा पहिला क्रमांक कोणत्या रकान्यात लिहावा?

फलकलेखक

सर्वांना नमस्कार. आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालयात क्रीडाविषयक पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक मोठा फलक लावायचा ठरले आहे आणि त्यावर मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबच्या २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांचा तक्ता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी चार रकाने आखले: हंगाम, प्रशिक्षक, गुणतक्त्यातील क्रमांक आणि विजेतेपद. पहिल्या दोन ओळी विनासायास लिहून झाल्या. २०१४ला पीटर रीड प्रशिक्षक आणि आठ संघांत सातवा क्रमांक, २०१५ला निकोला अनेल्का खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत आणि सहावा क्रमांक.

तिसऱ्या ओळीवर मात्र हात थांबला. २०१६मध्ये संघ साखळी फेरीत सर्वांच्या वर होता, तरीही विजेतेपदाचा रकाना रिकामा ठेवावा लागतो. २०२२-२३मध्येही संघ पहिला होता आणि उपांत्य फेरीतच बाहेर पडला, पण तेव्हा मात्र विजेतेपद लिहावे लागते. आणि २०२३-२४मध्ये दुसरा क्रमांक असूनही पुन्हा विजेतेपद आहे. फलक वाचणारी बहुतेक शाळकरी मुले असतील. त्यांनी याचे कारण विचारले तर मला नीट उत्तर देता आले पाहिजे.

दुसरी शंका गुणांची. २०१६ला २३ गुणांवर पहिला क्रमांक आणि २०१७-१८लाही २३ गुणच, पण सातवा क्रमांक. हे मी तीनदा तपासले आणि आकडे बरोबरच आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आझादनगर_ते_मैदान

आकडे बरोबर आहेत. आपण वेगवेगळ्या नियमांनी खेळलेले हंगाम एकाच मापाने मोजत आहात, त्यामुळे घोळ झाला आहे.

मुंबई सिटी ज्या स्पर्धेत खेळते त्या इंडियन सुपर लीगचे पहिले तीन हंगाम आठ संघांचे होते. प्रत्येक संघ साखळीत १४ सामने खेळायचा, पहिले चार उपांत्य फेरीत जायचे आणि जो अंतिम सामना जिंकेल तो विजेता ठरायचा. साखळीत पहिला येण्याला त्या काळी स्वतंत्र करंडक नव्हता. पहिल्याला उपांत्य फेरी मिळे, आणि चौथ्यालाही तीच मिळे. २०१७-१८मध्ये बेंगळुरू आणि जमशेदपूर हे दोन संघ आले, सामने १८ झाले आणि हंगाम लांबला. १४ सामन्यांत २३ गुण मिळवणे आणि १८ सामन्यांत २३ गुण मिळवणे यांत किती अंतर आहे, हे आपल्या फलकावरून मुलांना सहज कळेल, फक्त ‘सामने’ असा एक रकाना वाढवावा लागेल.

साखळीतील पहिल्या संघाला शिल्ड देण्याची पद्धत २०१९-२०मध्ये सुरू झाली. आशियाई महासंघाने या लीगला देशातील अव्वल दर्जाची स्पर्धा म्हणून मान्यता दिली आणि साखळीतील पहिल्या संघासाठी आशियाई चॅम्पियन्स लीगचे दार उघडले, त्यामुळे पहिल्या क्रमांकाला प्रथमच स्वतःचे मोल आले. पहिली शिल्ड एफसी गोवाने जिंकली. म्हणून २०१६च्या ओळीत विजेतेपद लिहिता येणार नाही. तरीही ती ओळ रिकामी दिसणे मला मनापासून खटकते, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली दोन वर्षे आमचे घर नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते. पन्नास हजारांहून अधिक आसनांचे ते क्रिकेटसाठी बांधलेले मैदान, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात गवताचे मोठे अंतर असे. पहिलाच सामना कोलकात्यात ०-३ असा गेला. पुढच्या सामन्यात नेरूळला पुण्याच्या संघाविरुद्ध ५-० असा विजय मिळाला आणि आंद्रे मोरित्झने लीगच्या इतिहासातील पहिली हॅट्ट्रिक केली. पण तो जोर टिकला नाही. फ्रेडी ल्युंगबर्ग दुखापतींमुळे मोजकेच सामने खेळू शकला आणि अनेल्का बंदीमुळे सुरुवातीला नव्हताच. २०१५ला लिलावात १ कोटी २० लाखांना सुनील छेत्री आला, नॉर्थईस्ट युनायटेड या संघाविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली आणि या लीगमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच हंगामात गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर आम्ही एफसी गोवाकडून ०-७ने हरलो. नावे मोठी होती, पण संघ बांधला गेला नव्हता.

२०१६ला दोन गोष्टी बदलल्या. कोस्टा रिकाला विश्वचषकात नेणारे अलेक्झांडर गिमाराईश प्रशिक्षक झाले आणि क्लब अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला. आझादनगर स्थानकावर मेट्रोतून उतरून चालत मैदानात जाता येत असे. सात-आठ हजारांचे छोटे प्रेक्षागार, पण पहिल्या रांगेतून खेळाडूंची आपापसातली हाक स्पष्ट ऐकू येई. उरुग्वेचा दिएगो फोर्लान चेंडू ठेवून मागे सरकला की ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या आमच्या समर्थकगटाचे ढोल थांबत आणि चेंडूला बूट लागल्याचा आवाज ऐकू येत असे. केरळविरुद्धच्या ५-० विजयात त्याने याच मैदानावर तीन गोल केले. त्या हंगामात बचावफळी आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग यांनी १४ सामन्यांत केवळ आठ गोल स्वीकारले. माझ्या मते त्या पहिल्या क्रमांकाचे खरे श्रेय त्या आठ गोलांना आहे, फोर्लानला नंतर.

उपांत्य फेरीचा पहिला सामना कोलकात्याच्या संघाविरुद्ध, कोलकात्यात रवींद्र सरोवर मैदानावर झाला. आम्ही २-३ने हरलो आणि फोर्लानला दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर जावे लागले, म्हणजे परतीच्या सामन्याला तो नाही हे तिथेच ठरले. १३ डिसेंबरला अंधेरीत मी बॅरिकेडला लागून उभा होतो. कोलकात्याचा एक खेळाडू पूर्वार्धातच लाल कार्ड घेऊन गेला, त्यामुळे पूर्ण उत्तरार्ध त्यांनी दहा जणांनिशी काढला आणि आम्हाला बरोबरीसाठी एकच गोल हवा होता. चेंडू सतत त्यांच्या अर्ध्यात होता, कॉर्नरमागून कॉर्नर मिळत होते, पण गोल झाला नाही. सामना ०-० सुटला. नंतर कोलकात्याने अंतिम सामनाही जिंकला. साखळीत ते चौथे होते, २० गुणांवर.

तेव्हा माझी सूचना अशी की ‘क्रमांक’ आणि ‘विजेतेपद’ यांच्या मधोमध ‘बाद फेरी’ हा रकाना घालावा आणि २०१६समोर ‘उपांत्य फेरीत पराभूत, एकूण २-३’ असे लिहावे. म्हणजे ओळ रिकामी दिसणार नाही आणि खोटीही होणार नाही.

बांबोळीकर

मी गोव्यातून लिहीत आहे आणि एफसी गोवाचा समर्थक आहे, हे आधीच सांगतो. आपला फलक प्रामाणिक व्हायचा असेल तर २०१८-१९ ते २०२१-२२ या ओळींत गोव्याचा उल्लेख आल्याशिवाय राहणार नाही.

२०१८-१९ला पोर्तो या पोर्तुगीज क्लबचे जुने कर्णधार जॉर्ज कोस्टा मुंबईचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली संघ तिसरा आला. मोदू सुगूने त्या हंगामात १२ गोल केले, त्यांतले चार केरळविरुद्धच्या एकाच सामन्यात. उपांत्य फेरीत अंधेरीला येऊन आम्ही ५-१ने जिंकलो आणि परतीचा सामना फातोर्ड्याला मुंबईने १-० असा जिंकला, तोवर निकाल लागून गेला होता. कोस्टा ऑगस्ट २०२५मध्ये गेले. त्यांच्याविषयी इथे आदराने एक ओळ लिहावीशी वाटते: मुंबईच्या संघाला प्रतिस्पर्ध्यावर वेगाने चालून जायला त्यांनीच शिकवले. २०१९-२०ला मुंबई पाचवी येऊन थोडक्यात हुकली. पण त्याच हंगामात, नोव्हेंबर २०१९मध्ये, मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. ही तारीख आपल्या तक्त्यात कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि पुढच्या सर्व ओळी तर तिच्यावरच उभ्या आहेत.

नवे मालक आले आणि मुंबईने आमचा संघ जवळजवळ जसाच्या तसा उचलला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, मध्यफळीतला अहमद जाहूह, बचावफळीतला मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि आमच्या म्हापशाचा मंदार राव देसाई, हे सगळे त्या वर्षी मुंबईच्या निळ्या जर्सीत दिसले. त्याचे आम्हाला वाईट वाटले आणि अजूनही वाटते. मात्र ज्याने खेळण्याची ती पद्धत गोव्यात घडवली, त्यालाच मुंबईत तिचे फळ मिळाले, याबद्दल मनात आदरही आहे.

करोनामुळे २०२०-२१चा पूर्ण हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथे, प्रेक्षकांविना झाला. मी बांबोळीच्या पठाराजवळ राहतो. रात्री कामावरून परतताना हमरस्त्यावरून मैदानाच्या दिव्यांचा पांढरा उजेड दिसे आणि आवाज मात्र कसलाच येत नसे. गोल झाला की नाही, हे घरी पोचून दूरचित्रवाणी लावल्यावरच कळे. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या आमच्या गावांत तीन मैदानांवर रोज सामने होत होते आणि फाटकाबाहेर चिटपाखरू नव्हते.

मुंबईने पहिला सामना नॉर्थईस्टकडून ०-१ गमावला, जाहूहला लाल कार्ड मिळाले, आणि तिथून संघाने घेतलेली झेप पाहण्यासारखी होती. २० सामन्यांअखेर मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण झाले. शेवटच्या दिवशी, २८ फेब्रुवारी २०२१ला, हेच दोन संघ समोरासमोर होते. बागानला बरोबरी पुरली असती, पण मुंबईने फॉल आणि बार्थोलोम्यू ओगबेचे यांच्या गोलांवर २-० असा विजय मिळवला. पहिल्या भेटीतही १-० ने मुंबईच जिंकली होती, त्यामुळे परस्परांतील सामन्यांच्या निकषावर शिल्ड तिच्याकडे गेली. उपांत्य फेरीत आम्हाला त्यांनी पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ने हरवले. १३ मार्चला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात डेव्हिड विल्यम्सने बागानला पुढे नेले, टिरीच्या स्वयंगोलाने बरोबरी झाली आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला. एकाच हंगामात शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकणारा मुंबई हा पहिला संघ.

यामुळे आपल्या ‘विजेतेपद’ रकान्याचे दोन भाग करावेत, ‘शिल्ड’ आणि ‘करंडक’. एका रकान्यात दोन वेगळी यशे कोंबली की २०२०-२१ची थोरवी दिसेनाशी होते.

फलकलेखक

दोघांचेही मनापासून आभार. ‘सामने’, ‘बाद फेरी’, ‘शिल्ड’ आणि ‘करंडक’ असे रकाने आता वाढवले आहेत. आणखी एक प्रश्न आहे. वाचनालयाच्या समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की खरा विजेता तोच जो अंतिम सामना जिंकतो, तेव्हा करंडक मोठ्या सोनेरी अक्षरांत आणि शिल्ड लहान अक्षरांत लिहावी. हे योग्य होईल का? २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन ओळींसाठी हे ठरवणे आवश्यक आहे.

कूपरेजचा_प्रेक्षक

समितीतील सदस्यांच्या मताचा आदर ठेवून मी याला ठाम विरोध करतो. मी ज्या काळात फुटबॉल पाहायला शिकलो, त्या काळात राष्ट्रीय लीगमध्ये अंतिम सामना नव्हताच. मुंबईच्याच महिंद्र युनायटेडने २००५-०६ला राष्ट्रीय लीग जिंकली ती पूर्ण हंगामभर गुण गोळा करून, आणि मुंबईतील कूपरेज मैदानावर त्या संघाचे सामने पाहिलेल्या कोणालाही ते विजेतेपद अपुरे वाटणार नाही. २०१०मध्ये तो क्लब बंद झाला. शहराच्या फुटबॉलचा इतिहास २०१४ला सुरू झाला असा समज आपल्या फलकावरून होऊ नये म्हणून वरच्या बाजूला त्याची एक ओळ द्यावी, अशी विनंती आहे.

आता २०२२-२३ पाहा. डेस बकिंगहॅम हे आदल्या हंगामाच्या तोंडावर, लोबेरा चीनला गेल्यावर, आलेले प्रशिक्षक. त्या पहिल्या वर्षी संघ पाचवा आला, पण एप्रिल २०२२मध्ये रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ने हरवून आला. त्या स्पर्धेच्या गटफेरीत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांत राहुल भेकेने हेडरवर विजयी गोल केला. भेके मुंबईचाच. सहा सामन्यांत सात गुण मिळवून संघ गटात दुसरा राहिला. ‘पाचवा क्रमांक’ एवढेच लिहिले तर हे सगळे गळून पडते, म्हणून ‘आशिया’ हा रकाना हवाच.

पुढच्या हंगामात अंधेरीचे मैदान परत मिळाले. पहिल्या १८ सामन्यांत १४ विजय, चार बरोबरी, एकही पराभव नाही. २० सामन्यांत ५४ गोल आणि ४६ गुण. ग्रेग स्टुअर्ट मधून चेंडू सोडायचा, एका बाजूने लालियानझुआला छांगटे आणि दुसऱ्या बाजूने बिपिन धावायचे, पुढे होर्हे पेरेरा दियाझ. फातोर्ड्याला गोव्याला ५-३ने हरवून दोन सामने शिल्लक असतानाच शिल्ड निश्चित झाली. मग उपांत्य फेरीत अंधेरीला बेंगळुरूने १-० असा विजय मिळवला, आणि तो गोल सुनील छेत्रीचा होता. ज्याने २०१५ला आपल्यासाठी हॅट्ट्रिक केली, त्याच्याच गोलाने आपले घर गप्प केले. परतीच्या सामन्यात मुंबई २-१ने जिंकली आणि शूटआउट ८-९ने हरली. पाच महिने इतरांपेक्षा सरस खेळलेल्या संघाचे यश लहान अक्षरांत लिहिणे मला पटत नाही.

२०२३-२४चा क्रम याच्या नेमका उलट. आशियाई गटात सहाही सामने हरले. बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्डला गेले, पीटर क्राटकी आले, जानेवारीत स्टुअर्टही गेला. तरी १५ एप्रिलला कोलकात्यातील सॉल्ट लेक मैदानावर बागानविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी साधली असती तर शिल्ड आपली होती. १-२ने हरलो आणि बागान ४८, मुंबई ४७ असे एका गुणाने सगळे गेले. नंतर फातोर्ड्याच्या उपांत्य सामन्यात ८९ मिनिटांपर्यंत ०-२ पिछाडीवर असलेल्या संघाने छांगटे, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगटे यांच्या गोलांनी ३-२ असा विजय खेचून आणला. गोव्याच्या मित्रांना ती रात्र आठवून देताना मला संकोच वाटतो. परतीचा सामना २-० जिंकून ४ मे रोजी पुन्हा त्याच सॉल्ट लेकवर, त्याच बागानविरुद्ध, पुन्हा एक गोल आधी खाऊन, मुंबईने ३-१ असा करंडक घेतला. तीन आठवड्यांपूर्वी ज्या मैदानावरून मान खाली घालून यावे लागले तिथेच तो उचलला. हे यशही मोठेच आहे. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा.

२०२४-२५बद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सहावा क्रमांक आणि बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५.

बांबोळीकर

संकोच नसावा. त्या रात्री मी फातोर्ड्यालाच होतो. ९०व्या मिनिटाला लोक घराकडे निघण्यासाठी उठून उभे राहिले होते आणि शेवटची शिटी वाजली तेव्हा ते तसेच जागच्या जागी उभे होते. आपण हकिकत बरोबर दिली आहे, तेवढी फलकावर आली तर माझी काहीच तक्रार नाही.

फलकलेखक

समितीशी बोललो. शिल्ड आणि करंडक एकाच मापाच्या अक्षरांत लिहिण्याचे मान्य झाले आहे, महिंद्र युनायटेडची ओळ शीर्षकाखाली येईल आणि नोव्हेंबर २०१९ची नोंद २०१९-२०च्या खाली पातळ रेघ मारून दिली जाईल. तिसरी ओळ अशी लिहिली आहे: ‘२०१६. अलेक्झांडर गिमाराईश. सामने १४, गुण २३, क्रमांक पहिला. बाद फेरी: उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पराभूत, एकूण २-३. शिल्ड: तेव्हा दिली जात नसे.’ यात काही चूक राहिली असल्यास रंगाऱ्याचे काम शनिवारी सुरू होण्यापूर्वी कळवावे.

आझादनगर_ते_मैदान

चूक नाही. जागा असेल तर शेवटी ‘स्वीकारलेले गोल ८’ एवढे जोडावे.